दुसऱ्यांच्या लेकरांसाठी केनियात

आफ्रिकेतील आडगावी काम करणाऱ्या मिशनरी दांपत्यांच्या मुलांनी शिकायचे कुठे? याच अडचणीतून केनियातील किजाबे येथे १९०६ साली रिफ्ट व्हॅली अकादमी ही निवासी शाळा निघाली. आपल्याकडची कोडाईकनालची शाळाही १९०१ मध्ये अशाच गरजेतून सुरू झाली होती.

किजाबेत मुले तीन महिने शाळेत आणि महिनाभर घरी राहतात. शाळेच्या दिवसांत त्यांचे आईबाप होतात ती परदेशातून सेवेसाठी आलेली जोडपी. त्यांना शाळेचा पगार नाही. मायदेशातील चर्च व स्नेह्यांच्या मदतीवर संसार चालवायचा. काम प्रवचनाचे नव्हे. कपडे धुतले का, अभ्यास झाला का, कोणाला ताप आहे का, हे पाहायचे. आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या रात्री उशीत तोंड खुपसून रडणाऱ्या पोराजवळ बसायचे. हे सर्वांत अवघड.

नुसती सेवावृत्ती मात्र पुरत नाही. पश्चिम आफ्रिकेत, गिनीतील मामू येथे अशीच एक शाळा होती. तेथे मुलांवर अत्याचार झाल्याचे चौकशी आयोगाने १९९०च्या दशकाच्या अखेरीस नमूद केले. शाळा १९७१ मध्येच बंद झालेली, मुले तोवर प्रौढ झालेली! लहानपणी ती गप्प का राहिली? आपल्या तक्रारीने आईबापांच्या देवकार्यात विघ्न येईल, ही भीती त्यांच्या मनात भरवलेली होती. घरी धाडायची पत्रेही मोठी माणसे आधी वाचत.

आता स्वयंसेवकाला घेण्याआधी त्याचा पूर्वेतिहास तपासतात. जाणाऱ्याने त्याचा राग मानू नये.