बड्या पायाचे छोटे पूर्वज

आमच्या सोसायटीतला एक सातवीतला मुलगा रविवारी सकाळी वडिलांबरोबर म्हातोबाच्या टेकडीवर जातो. पावसाळा संपल्यावर एका रविवारी तो दोन्ही हातांत एक गोल दगड धरून माझ्या दारात उभा राहिला. "काका, डायनोसॉरचं अंडं! बघा, वरचं टरफल सुटतंय." दगड नारळाएवढा होता, चांगला लांबट-गोल होता, आणि त्याचे पापुद्रे खरोखरच सुटत होते. कवितेत मी त्याला बेलाशक अंडं म्हटलं असतं. पण मुलाला खोटं कसं सांगायचं?

पुण्याच्या या टेकड्या बसाल्टच्या, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या. या कातळाला भेगा असतात. भेगांतून पाणी शिरतं, दगडाचे कोपरे आधी झिजतात, मग उरलेला गोळा कांद्यासारखा पापुद्र्यापापुद्र्याने सुटत जातो. घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो तिथे असे गोळे ढिगाने दिसतात. हा लाव्हा वाहिला सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. एकावर एक असे त्याचे थर पसरत गेले. अशा तापलेल्या रसात हाड टिकत नाही. आणि त्याच्या खाली? कोयनेला भूकंपाच्या अभ्यासासाठी खोल विवर खोदलं, तेव्हा जवळपास एक किलोमीटर बसाल्ट लागला आणि त्याखाली थेट ग्रॅनाइटच्या जातीचा जुना खडक. जीवाश्म सापडतात ते गाळाच्या खडकात, आणि तो थर तिथे मधे नव्हताच.

मुलाचा चेहरा उतरला. "म्हणजे महाराष्ट्रात डायनोसॉर नव्हतेच?"

मी कलाशाखेचा बी.ए. त्याच्या या प्रश्नामुळे या वयात भूशास्त्राची पुस्तकं उघडून बसलो. उत्तर असं निघालं की होते, आणि नुसते होते एवढंच नव्हे. डायनोसॉर नावाच्या ग्रंथाची सुरुवातीची पानं आणि अखेरची पानं, दोन्ही आपल्या पूर्व सीमेवरच्या नद्यांकाठी आहेत.

वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते, आणि ती सिरोंच्यापाशी गोदावरीला मिळते. एका कविसंमेलनाच्या निमित्ताने मी त्या बाजूला गेलो होतो. अलीकडे मराठी, पलीकडे तेलुगू, आणि बाजारात दोन्हींची सरमिसळ. सिरोंचा तालुक्यातल्या वडधमला वनखात्याने राखलेलं जीवाश्म उद्यान आहे. तिथे दगड झालेली झाडं आडवी पडलेली आहेत. खोडाची साल, गाठी, सगळं दिसतं; हात लावला की थंडगार दगड. आमच्या आईच्या तोंडी फार जुनी वस्तू म्हणजे 'बाबा आदमच्या जमान्यातली'. त्या खोडांपाशी तिचं ते माप अपुरं वाटलं. तेव्हा मात्र ती झाडं बघून मी चहा प्यायला निघून गेलो. त्याच मातीत काय काय गाडलेलं आहे हे मला माहीत नव्हतं.

या खोऱ्यात एवढे जीवाश्म का, याचं कारण सोपं आहे. इथली जमीन कोट्यवधी वर्षं हळूहळू खचत राहिली आणि नद्या त्या खोलगट पट्ट्यात गाळ भरत राहिल्या. मेलेलं जनावर उघड्यावर पडलं तर कोल्हे-कुत्रे, ऊन-पाऊस त्याचा मागमूस ठेवत नाहीत. गाळाखाली झाकलं गेलं तर हाडात खनिजं मुरत जातात आणि हाडाचा दगड होतो. म्हणून इथे काळाचे थर वहीच्या पानांसारखे एकावर एक बसले आहेत.

ही वही आधी चाळली ती नागपूरच्या एका स्कॉटिश पाद्र्याने. स्टीफन हिस्लॉप, नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. धर्मप्रसाराला आलेला हा माणूस दगड, वनस्पती, गोंडी गाणी, जे दिसेल ते टिपत असे. नागपूरच्या दक्षिणेला मांगली इथे मिळालेली एक चपटी कवटी लंडनला गेली आणि १८५५ मध्ये रिचर्ड ओवेन यांनी तिचं वर्णन प्रसिद्ध केलं. बेडकाच्या दूरच्या गोतातला तो एक उभयचर होता. हे ओवेन म्हणजे ज्यांनी १८४२ मध्ये 'डायनोसॉर' हा शब्द घडवला तेच. गंमत अशी की जबलपूरला स्लीमनना डायनोसॉरची हाडं मिळाली ती १८२८ मध्ये, म्हणजे शब्दाच्या १४ वर्षं आधी. हिस्लॉप १८६३ मध्ये टाकळघाटजवळची शिळावर्तुळं बघून परतताना नदीच्या पुरात बुडाले. खोऱ्यातल्या मगरीसारख्या एका प्राण्याचं नाव त्यांच्या आठवणीसाठी 'पॅरासुकस हिस्लॉपी' असं ठेवलेलं आहे.

आता त्या सुरुवातीच्या पानांकडे येऊ. सुमारे २३ कोटी वर्षांपूर्वीचा काळ, ट्रायासिक नावाचा. सगळे खंड एकमेकांना चिकटलेले. आजच्या तेलंगणातल्या मलेरी गावावरून नाव पडलेला तांबड्या मातीचा एक थर आहे, तो याच काळातला. माझी समजूत अशी होती की त्या काळात जाऊन बघितलं तर जिकडेतिकडे डायनोसॉरच दिसतील. मलेरीच्या मातीत तसं काही दिसत नाही. तिथे गर्दी आहे ती ऱ्हिंकोसॉरची. डुकराएवढा, जाडजूड, तोंडाला पोपटासारखी चोच, आणि चाकूचं पातं मुठीच्या खाचेत बसावं तसा खालचा जबडा वरच्या खाचेत बसणारा शाकाहारी प्राणी. याचे भाऊबंद स्कॉटलंडमध्ये आणि ब्राझीलमध्येही सापडतात. खंड जोडलेले होते याचा हा चालताबोलता पुरावाच म्हणा. पाण्यात सपाट डोक्याचे मोठाले उभयचर आणि तो पॅरासुकस. दिसायला मगर, पण मगरीच्या नाकपुड्या तोंडाच्या टोकाला असतात आणि याच्या पार डोळ्यांजवळ. शंकर चॅटर्जी यांनी १९७८ मध्ये याच्या दोन सांगाड्यांचं वर्णन केलं. दोघांच्या पोटाच्या जागी दुसऱ्या एका सरड्यासारख्या प्राण्याची हाडं होती. हे त्यांचं शेवटचं जेवण, असं चॅटर्जींनी मांडलं. कोट्यवधी वर्षं न पचलेला घास!

आणि डायनोसॉर? या सगळ्या बाजारात त्यांची हाडं अगदी मोजकी. चॅटर्जींनी १९८७ मध्ये एका छोट्या प्राण्याला 'वॉकेरिया' असं नाव दिलं, ॲलिक वॉकर या ब्रिटिश अभ्यासकावरून. ते नाव आधीच दुसऱ्या एका जीवाला दिलेलं निघालं, म्हणून १९९४ मध्ये 'अल्वॉकेरिया' असं बदललं. नावाचा घोळ मिटला तर हाडांचा सुरू झाला. पुढच्या अभ्यासकांनी म्हटलं की यातला कवटीचा भाग भलत्याच प्राण्याचा असावा. मांडीचं आणि घोट्याचं हाड मात्र डायनोसॉरचं. म्हणजे आपल्या खोऱ्यातला हा आद्य डायनोसॉर फार तर कुत्र्याएवढा, आणि त्याची ओळख पटते ती पायावरून.

पाय हीच डायनोसॉरची खरी खूण आहे. पाल किंवा घोरपड चालते तेव्हा तिचे पाय अंगाच्या बाजूला फाकलेले असतात आणि अंग वळवळतं. डायनोसॉरचे पाय मात्र खांबासारखे थेट अंगाखाली. त्यासाठी कमरेच्या हाडात आरपार भोक असलेली खोबण लागते आणि मांडीच्या हाडाचं डोकं आत वळलेलं लागतं. त्यामुळे चालणं काटकसरीचं होतं आणि भार सरळ जमिनीकडे जातो. पुढे जे अवाढव्य देह उभे राहिले ते या सोयीवर.

त्याच खोऱ्यात थोड्या वरच्या, म्हणजे सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वीच्या थरात मिळालेल्या एका मांसाहारी डायनोसॉरला २०२५ मध्ये 'मलेरीरॅप्टर कुट्टी' हे नाव मिळालं. टी. एस. कुट्टी या संशोधकांनी ही हाडं कित्येक वर्षांपूर्वी शोधली होती. हा ज्या कुळातला आहे ते कूळ मुख्यत्वे अर्जेंटिना, ब्राझील आणि उत्तर अमेरिकेतून माहीत होतं. दक्षिणेकडच्या खंडांत चोचवाल्या ऱ्हिंकोसॉरच्या बरोबर हे कूळही मागे पडलं असावं असा समज होता. ते गेल्यानंतरही हे गडी तगून होते, हे आपल्या खोऱ्यातल्या काही कंबरेच्या आणि शेपटीच्या हाडांनी दाखवलं.

मग हे किरकोळ प्राणी जगाचे मालक कसे झाले? मला वाटायचं, अंगच्या कर्तबगारीने. शाळेत असंच काहीसं ऐकलं होतं, बलवान तोच टिकतो वगैरे. प्रत्यक्षात निम्मा वाटा नशिबाचा. सुमारे २० कोटी १० लाख वर्षांपूर्वी खंड फाटू लागले, आज जिथे अटलांटिक आहे तिथून प्रचंड लाव्हा उफाळला, हवा बदलली. मगरींच्या गोतातले जे दांडगे शिकारी जमिनीवर राज्य करत होते ते बहुतेक संपले, पॅरासुकसचं कूळही संपलं. डायनोसॉर वाचले. का वाचले यावर अजून वाद आहे. जागा रिकामी झाली आणि ते वाढत गेले, एवढं मात्र खडकात वाचता येतं.

आपल्या खोऱ्यात तर हे वाढणं जिन्याच्या पायऱ्यांसारखं दिसतं. मलेरीच्या वर धर्मारमचा थर. त्यात लांब मानेचे शाकाहारी डायनोसॉर येतात. एकाचं नाव 'लॅम्प्लूसॉरा', पामेला लॅम्प्लू रॉबिन्सन या ब्रिटिश विदुषीवरून. महालनोबिसांनी कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत त्यांना बोलावून घेतलं आणि तिथल्या जीवाश्मांच्या कामाची घडी त्यांनी बसवली. आकडेमोडीच्या संस्थेत हाडांचा अभ्यास, ही महालनोबिसांचीच दृष्टी. दुसऱ्याचं नाव 'प्रधानिया'. हे नाव कुणा प्राध्यापकावरून नाही, संस्थेसाठी उन्हातान्हात जीवाश्म गोळा करणाऱ्या धुइया प्रधान यांच्यावरून आहे. हे वाचल्यावर मला बरं वाटलं.

त्याही वरचा थर कोटा. प्राणहितेच्या काठी, सिरोंचा तालुक्यात कोटा नावाचं गाव आहे. जगभरच्या भूशास्त्रीय लेखनात येणारं 'कोटा फॉर्मेशन' ते हेच. खोऱ्यातल्या या थरात पोचमपल्लीजवळ १९६० च्या आसपास मोठमोठी हाडं उघडी पडली. निदान सहा जनावरांची मिळून सुमारे ३०० हाडं. सोबत दगड झालेली मोठाली खोडं. एखाद्या महापुराने झाडं आणि जनावरं एकदमच आणून टाकली असावीत. मांडीचं हाड १.७ मीटरचं, म्हणजे बेताच्या उंचीच्या माणसाएवढं. सगळा प्राणी सुमारे १४ मीटर. आपल्या पीएमपीच्या मोठ्या बसपेक्षाही लांब. १९७५ मध्ये जैन, कुट्टी, रॉय-चौधरी आणि चॅटर्जी यांनी त्याचं बारसं केलं: 'बारापासॉरस टागोराय'. यात ग्रीक आहे ते फक्त शेपटीला. 'बडा पा' म्हणजे मोठा पाय, बंगाली 'पा' आणि आपला 'पाय' एकच. आणि १९६१ हे रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचं वर्ष, म्हणून टागोराय. कवीच्या नावाचा डायनोसॉर म्हटल्यावर मी खुर्चीत सरळ होऊन बसलो.

आद्य महाकाय शाकाहारी डायनोसॉरांपैकी हा एक. त्याची कवटी सापडली नाही, फक्त काही दात मिळाले. सांगाडा कोलकात्याला सांख्यिकी संस्थेत उभा आहे. त्याचा शेजारी 'कोटासॉरस', आपल्या कोट्याच्या नावाचा, तो हैदराबादच्या बिर्ला विज्ञान केंद्रात. मुलाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मग पुण्यातून कोलकात्याला जायचं?" मी म्हटलं, आधी सिरोंच्याला जाऊ. तिथे सांगाडा नाही, पण माती तीच आहे.

अखेरची पानं चंद्रपूर जिल्ह्यात, वरोरा तालुक्यातल्या पिसदुऱ्याला. तिथल्या शेतांत डायनोसॉरची हाडं मिळतात आणि दगड झालेली विष्ठाही मिळते. २००५ मध्ये वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही विष्ठा विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली धरली. तिच्यात गवताच्या पेशींत तयार होणारे सिलिकाचे कण निघाले, आणि तेही भाताच्या व बांबूच्या नातलगांचे. तोवर समज होता की डायनोसॉर गेले आणि नंतर गवत पसरलं. विदर्भातल्या एका शेताने तो समज मोडला. आपण ताटात घेतो त्या भाताचे चुलत पूर्वज डायनोसॉरने चघळले होते. लोक हाडांपुढे माना डोलावतात. मला ही विष्ठा जास्त बोलकी वाटते.

पिसदुऱ्याच्या या थरानंतर आला तो आमच्या टेकडीचा लाव्हा. एका लाव्हाच्या वेळी ज्यांचं नशीब फळफळलं, त्यांचा शेवट दुसऱ्या लाव्हाच्या दिवसांत झाला. मेक्सिकोत आदळलेल्या अशनीचा वाटा मोठा, लाव्हाचा किती, यावर शास्त्रज्ञ भांडतात. मुलाला मी म्हटलं, "तुझं अंडं डायनोसॉरचं नाही, पण त्यांच्या शेवटाच्या वेळचं आहे." त्याने जरा विचार केला आणि विचारलं, "म्हणजे हा दगड निघाला तेव्हा ते जिवंत होते?" काही असतील, मी म्हटलं. आणि छोट्यांपैकी काही वाचले. त्यांचे वंशज तुमच्या गॅलरीत घुटर्र करतात आणि तुझी आई त्यांना हाकलते.

दगड तो माझ्याकडेच ठेवून गेला. गॅलरीत कुंड्यांच्या शेजारी आहे. परवा झाडांना पाणी घालताना त्याचा आणखी एक पापुद्रा सुटून आला.