पत्राचा कागद

माझी भाची पॅरिसला जाऊन आली आणि माझ्यासाठी अत्तर नव्हे, कागद घेऊन आली. दलाक्रवा या चित्रकाराच्या संग्रहालयातली एक वही अन् काही लिफाफे. वहीच्या पुठ्ठ्यावर त्याच्या पत्रातले हस्ताक्षर छापलेले. म्हणाली, "मामू, मोबाइल पुरे झाला. आता यावर मला पत्र लिहा."

युजेन दलाक्रवा (१७९८-१८६३) हा फ्रान्सचा रोमँटिक चित्रकार. रोमँटिक म्हणजे प्रेमाची चित्रे काढणारा नव्हे बरं का! नियमांपेक्षा भावनेच्या आवेगाला मोठे मानणारा. १८३०च्या उठावावरचे त्याचे चित्र, झेंडा उंचावून पुढे निघालेली स्वातंत्र्यदेवता, आपल्यापैकी अनेकांनी पुस्तकांत पाहिले असेल. १८३२ मध्ये तो मोरोक्कोला गेला आणि तिथून त्याने मित्रांना पत्रे लिहिली. चित्राला महिने लागतात, पत्रात मात्र त्या दिवशीची नजर त्याच दिवशी उतरते. १८५७ मध्ये तो ज्या घरात राहायला गेला आणि जिथे वारला, तिथेच आज हे संग्रहालय आहे. भिंतभर चित्र कोण घरी नेणार? अक्षर मात्र पिशवीत मावते.

ती वही हातात घेतली आणि मला आपला कागजीपुरा आठवला. दौलताबादहून खुलताबादकडे, वेरूळच्या वाटेवरचे हे गाव. महंमद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी देवगिरीला आणली, तिच्याबरोबर कागदी कारागीर आले, असे सांगतात. चिंध्या कुटून लगदा करायचा, तो हौदात कालवायचा, साच्यावर एकेक ताव उचलायचा, वाळवायचा, खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटायचा. घोटलेल्या कागदावर बोरूची शाई फुटत नाही. पेशवाईच्या दप्तरांतही हा दौलताबादी कागद असे.

आज ही कला फार थोड्या हातांत उरली आहे. वेरूळला जाणारे पर्यटक या गावाजवळूनच जातात, पण परतताना त्यांच्या पिशवीत हा कागद क्वचितच असतो. आपल्याकडे जुन्या दप्तरांतली मोडीची वळणे काय कमी देखणी आहेत? तीही अशाच तावांवर छापून विकता आली असती. मला हे खटकते. पण मी तरी इतक्या वर्षांत किती ताव घेतले?

परवा गेलो, चार ताव आणले. भाचीला पत्र लिहिले आणि दलाक्रवाच्या लिफाफ्यात घातले. कागद जाड, लिफाफा काही बंद होईना. शेवटी घरच्या पिठाची खळ करून चिकटवला.