राजवट पालटली की नियमही पालटावा काय?

आमच्या छत्रपती संभाजीनगराने जितक्या राजवटी पाहिल्या, तितक्या महाराष्ट्रातील थोड्याच नगरांनी पाहिल्या असतील. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबराने खडकी गावी राजधानी वसविली व डोंगराकडील पाणी भूमिगत नहरीने गावात खेळविले. पुढे निजामशाही बुडाली, मोगल आले, त्यांच्यामागून निजाम आला. गावाचे नावही फतेहनगर, औरंगाबाद व अखेर २०२३ साली छत्रपती संभाजीनगर असे पालटले. परंतु तख्तावर कोण बसला आहे हे विचारून नहरीचे पाणी वाहिले नाही.

आज घरोघर आलेले इंटरनेट ही नव्या युगाची नहरच होय. एकाच जोडणीवर आजीबाई कीर्तन ऐकतात, नातू गणिताचा पाठ गिरवितो आणि परदेशी असलेल्या मुलाचे मुखदर्शनही घडते. ही नहर ज्या कंपनीच्या हाती आहे, तिने श्रीमंत संस्थांचा मजकूर वेगाने व फुकट पोहोचवावा आणि गरिबाचा अडवावा किंवा महाग करावा, हे योग्य काय? सर्व मजकुरास समान वागणूक द्यावी, या तत्त्वास ‘नेट न्यूट्रॅलिटी’ म्हणजे जालसमता असे म्हणतात.

अमेरिकेत या तत्त्वाची जी ओढाताण झाली ती उद्बोधक आहे. तेथील दळणवळण आयोगावर पाच सभासद असतात व एका पक्षाचे तिघांहून अधिक नसतात. अध्यक्षाचा पक्ष पालटला की बहुमतही पालटते. ओबामांच्या कारकीर्दीत २०१५ साली आयोगाने इंटरनेटची गणना तारायंत्र-टेलिफोनासारख्या सार्वजनिक सेवेत करून जालसमता बंधनकारक केली. ट्रंप यांच्या कारकीर्दीत २०१७ साली ती रद्द झाली. बायडन यांच्या कारकीर्दीत २०२४ साली ती पुन्हा आली. तिन्ही वेळा निकाल तीन विरुद्ध दोन मतांनीच झाला! अखेर २ जानेवारी २०२५ रोजी अपील न्यायालयाने, कायद्याच्या शब्दांवरून आयोगास हा अधिकारच पोचत नाही, असा निर्णय देऊन २०२४ चा नियम मोडीत काढला. संदिग्ध कायद्याचा अर्थ लावताना सरकारी खात्याच्या मतापुढे न्यायालयांनी मान तुकविण्याचे कारण नाही, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्येच ठरविले होते.

आमच्या देशात हा प्रश्न निराळ्या वाटेने सुटला. डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने इंटरनेटवरील संभाषणास वेगळा आकार लावण्याचे जाहीर केले व लोकक्षोभ होताच तो बेत सोडला. मार्च २०१५ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने लोकमत मागविले, तेव्हा दहा लाखांहून अधिक पत्रे गेली. फेसबुकने निवडक संकेतस्थळे फुकट देण्याची ‘फ्री बेसिक्स’ योजना पुढे केली. गरिबास काही नसण्यापेक्षा थोडे तरी मिळेल, हा तिचा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नव्हता. परंतु ते ‘थोडे’ कोणते, हे ठरविण्याचा अधिकार दात्याकडेच राहत होता. प्राधिकरणाने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी मजकूर पाहून निरनिराळे दर आकारण्यास मनाई केली. मोडणाऱ्यास दररोज ५०,००० रुपये व कमाल ५० लाख रुपये दंड ठेविला. आणीबाणीच्या सेवांसाठी अपवाद केला. २०१८ साली सरकारने जालसमता परवान्यांच्या अटींतच गोवली.

यावरून आपण अमेरिकेहून शहाणे ठरलो, असे मानण्याची घाई मात्र आम्ही करणार नाही. हे नियम झाले त्या वेळचा सत्ताधारी पक्षच आजवर केंद्रात सत्तेवर आहे; सत्तांतराची कसोटी त्यांना अद्याप लागलेलीच नाही. शिवाय ते संसदेच्या कायद्याच्या कलमात नसून प्राधिकरणाच्या विनियमात व परवान्याच्या अटींत आहेत. जे लेखणीच्या एका फटकाऱ्याने आले, ते दुसऱ्या फटकाऱ्याने जाऊही शकते. मोठ्या संकेतस्थळांनी जाळ्याच्या खर्चाचा वाटा उचलावा, ही दूरसंचार कंपन्यांची मागणी २०२३ पासून जोराने पुढे येत आहे. तिच्यात काही तथ्य असेलही. पण वाटा देणाऱ्याला वाट मोकळी आणि न देणाऱ्याला अडथळा, असा तिचा शेवट झाल्यास एखाद्या मराठी मासिकाने, खेड्यातील शिक्षकाने किंवा होतकरू गायिकेने दाद कोठे मागावी?

सारांश, नियम टिकाऊ व्हावयाचा तर तो दोन्ही बाजूंच्या संमतीने संसदेत व्हावा आणि जनतेने त्यावर डोळा ठेवावा. प्राधिकरण प्रत्येक महत्त्वाच्या प्रश्नावर विचारपत्रिका प्रसिद्ध करून सामान्य जनांचीही मते मागविते. घरातील वडीलधाऱ्यांनी अनुभव सांगावा, तरुणांनी तो नीट शब्दांत मांडून धाडावा. २०१५ साली अशाच पत्रांनी एका बलाढ्य कंपनीचा बेत फिरविण्यास हातभार लावला, हे विसरता कामा नये.