सूट किती ते नंतर, औषध कोणतं ते आधी

बचत गटाच्या बैठकीत कर्ज कशासाठी हवं असं विचारलं, की बी-बियाणं, शाळेची फी यांच्या बरोबरीनं एक कारण हमखास येतं, औषधपाणी. बीपीच्या, साखरेच्या गोळ्या तर दर महिन्याला लागतात. पैसे कमी पडले की घरातली बाई आधी स्वतःची गोळी बंद करते, नाहीतर एक दिवसाआड घेते. बीपीची गोळी अशी मनानं सोडली तर लकव्याचा, हृदयाच्या झटक्याचा धोका वाढतो. म्हणून आज आपण औषधाचा खर्च कसा कमी करायचा, ते बघू.

पहिली पायरी सरकारी दवाखान्याची. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि औषधं मोफत आहेत. केसपेपरलाही पैसे नाहीत. गावाजवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र, घोडेगावचं ग्रामीण रुग्णालय, मंचरचं उपजिल्हा रुग्णालय, इथं आधी विचारा. आहुपे, आपटाळे भागातून एसटीचं भाडं भरून यावं लागतं, तेव्हा महिनाभराच्या गोळ्या एकदम मिळतील का, तेही विचारून घ्या. आशाताईंना माहिती असते.

बाहेरून औषध घ्यावंच लागलं तर दुकानावरच्या सवलतीच्या पाटीला भुलू नका. सूट ही पाकिटावरच्या छापील किमतीवर असते, आणि एकाच औषधाची किंमत कंपनीगणिक वेगळी असते. समजा, १० गोळ्यांच्या पाकिटावर १२० रुपये छापलेत. २० टक्के सूट धरून ते ९६ रुपयांना पडलं. तेच औषध दुसऱ्या नावानं ३० रुपयांना मिळत असेल, तर सूट घेऊनही आपण ६६ रुपये जास्तच दिले. रोज एक गोळी म्हणजे महिन्याला तीन पाकिटं. वर्षाचा हिशोब केला तर २३७६ रुपये होतात!

म्हणून पाकिटावरचं मोठं नाव नाही, त्याखालचं बारीक अक्षरातलं मूळ औषधाचं नाव वाचा. जसं, बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम, साखरेसाठी मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम. डॉक्टरांना सांगा, 'चिठ्ठीवर मूळ नाव स्पष्ट अक्षरात लिहा.' अशा मूळ नावानं विकल्या जाणाऱ्या औषधांना जेनेरिक म्हणतात.

ती मिळण्याची खात्रीची जागा म्हणजे जनऔषधी केंद्र. केंद्र सरकारनं ही योजना २००८ साली सुरू केली. इथली बरीच औषधं कंपनीच्या नावाच्या औषधांपेक्षा ५० ते ९० टक्के स्वस्त असतात. जवळचं केंद्र आणि औषधाची किंमत 'जनऔषधी सुगम' या मोबाईल अ‍ॅपवर बघता येते. फोन जमत नसेल तर मुलीला, सुनेला बघायला सांगा.

मोबाईलवर औषधांची कुपनंही येतात. ती वापरण्याआधी तीन गोष्टी बघा: किती रुपयांची खरेदी केली तर कुपन लागू होतं, घरपोच आणण्याचे पैसे किती, आणि शेवटी हातातून किती जाणार. सूट मिळावी म्हणून नको असलेली औषधं घेऊ नका. अनोळखी लिंक उघडू नका, ओटीपी कुणाला सांगू नका.

स्वस्ताच्या नादात मात्र चार पथ्यं पाळा. औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम दोन्ही जुळली पाहिजेत. एका गोळीत दोन औषधं असतील तर दोन्ही जुळवा. फिट, थायरॉईड, रक्त पातळ करण्याची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका. मुदतीची तारीख बघा आणि पक्कं बिल घ्या. शेजारणीला गुण आला म्हणून तिची गोळी आपण घ्यायची नाही.

आता एक काम गटानं करायचं. पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरातली रिकामी पाकिटं आणि बिलं आणायची. वहीत तीन रकाने आखा: मूळ नाव, आज देतो ती किंमत, जनऔषधीतली किंमत. ज्या घरी फरक मोठा दिसेल, तिनं ते पान डॉक्टरांना दाखवायचं. वाचलेले पैसे कर्जाच्या हप्त्याला लागतील, आणि गोळी एकही दिवस चुकणार नाही.