खंडेनवमीची गाडी : गरज कोणाची, मान कोणाचा?

आश्विन शुद्ध नवमीची सकाळ उजाडली की घरोघरची हत्यारे धुऊनपुसून पाटावर मांडली जातात. सुताराची करवत, गवंड्याची थापी, शिंप्याचे शिवणयंत्र, शेतकऱ्याचा नांगर यांना हळदकुंकू लागते. एस. टी.च्या आगारात उभ्या असलेल्या गाड्यांना झेंडूच्या माळा चढतात. रिक्षावाला आपल्या रिक्षापुढे नारळ फोडतो. ज्या साधनाच्या बळावर संसार चालतो, त्या साधनापुढे वर्षातून एक दिवस नम्र व्हावे, हा खंडेनवमीच्या पूजेमागील भाव. करवत कोणत्या कारखान्याची आणि थापीवर शिक्का कोणाचा, हे या पूजेच्या वेळी कोणी विचारीत नाही. हत्यार हाताला बसले आणि कामाला आले, एवढे पुरेसे असते.

दुसऱ्या दिवशी विजयादशमी. साडेतीन मुहूर्तांपैकी हा एक पूर्ण मुहूर्त. त्यामुळे घरातील पहिली मोटार आणण्याचा बेत अनेक कुटुंबे याच दिवसावर ठेवतात. चाकाखाली लिंबू, पुढच्या भागावर कुंकवाचे स्वस्तिक, शेजारीपाजारी पेढे. सोहळा मोठा देखणा असतो. तथापि त्याआधीचे दोन-तीन महिने घरात जी खलबते चालतात, ती नेहमीच मंगल असतात असे नाही. गाडी कशासाठी हवी, हा प्रश्न पहिल्या आठवड्यातच मागे पडतो आणि कोणती गाडी घेतली तर चारचौघांत शोभेल, हा प्रश्न पुढे येऊन बसतो.

पुतण्याचा हट्ट

२०२५ च्या श्रावणातील गोष्ट. माझा पुतण्या पिंपरी-चिंचवडला एका कारखान्यात नोकरीला आहे. घरात पती-पत्नी, चौथीत शिकणारी मुलगी आणि माझ्या वहिनी. वहिनींच्या गुडघ्यांनी दोन वर्षांपासून असहकार पुकारलेला. दुचाकीवर बसणे बंद, रिक्षात चढताना दोघांचा आधार. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचविली होती आणि तिच्यासाठी बँकेत एक ठेवही बाजूला ठेवलेली होती. घरात गाडी हवी, याविषयी कोणाचेच दुमत नव्हते.

पुतण्याने मनात धरलेली गाडी परदेशी नावाची, उंच आणि रुबाबदार होती. रस्त्यावर येईपर्यंत तिचा खर्च चौदा लाखांच्या घरात जाणार होता. दहा लाखांचे कर्ज, सात वर्षांची मुदत आणि वरचे चार लाख रोख. त्या चार लाखांत वहिनींची ठेव मोडली जाणार होती. "आईची शस्त्रक्रिया एक वर्ष पुढे ढकलू," तो म्हणाला. वहिनी शेजारीच वाती वळीत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

मी विचारले, "लहान गाडी का नको?"

"काका, आमच्या सोसायटीत खाली उभ्या असलेल्या गाड्या तुम्ही पाहिल्यात ना? कारखान्यातही सगळे विचारतात, 'कोणती घेतलीस?' नाव सांगताना मान खाली जायला नको, एवढेच."

मला त्याला रागे भरता आले नाही, कारण हे दुखणे मी स्वतः भोगलेले आहे.

गिरणीपाशी थांबणारी फियाट

१९८४ साली आमच्या वडिलांनी, आम्ही त्यांना आप्पा म्हणत असू, तिसऱ्या हातची एक फियाट घेतली. गियरचा दांडा सुकाणूच्या खांबाला, पुढची बैठक बाकासारखी अखंड. हिवाळ्याच्या सकाळी आम्ही भावंडांनी धक्का दिल्यावाचून ती जागची हलत नसे. मी तेव्हा नववीत होतो. माझ्या वर्गातील एका मुलाच्या घरी नुकतीच कोरी मारुती आली होती. एके दिवशी मी आप्पांना म्हणालो, "शाळेच्या फाटकाशी नको, कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपाशी सोडा मला." आप्पा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून गाडी गिरणीपाशी थांबू लागली.

पुढच्या पावसाळ्यात एका रात्री आजीचा श्वास कोंडला. भर पावसात आप्पांनी त्याच गाडीतून तिला तालुक्याच्या रुग्णालयात वेळेवर पोहोचविले. आजी त्यानंतर अकरा वर्षे जगली. आप्पांना मात्र मी गिरणीच्या त्या गोष्टीबद्दल कधी चार शब्द बोललो नाही. ते राहूनच गेले.

कौत्साने किती घेतले?

दसऱ्याला आपण आपट्याची पाने सोने म्हणून वाटतो. त्यामागची रघुराजाची कथा घरोघरी सांगितली जाते. वरतंतूंचा शिष्य कौत्स गुरुदक्षिणेसाठी चौदा कोटी सुवर्णमुद्रा मागण्यास रघूकडे आला. विश्वजित यज्ञात सर्वस्व दान केलेल्या रघूने त्याचे स्वागत मातीच्या पात्राने केले. राजाच्या घरी सोन्याचे पात्र उरले नव्हते. पण त्यामुळे ना राजा ओशाळला, ना अतिथीने नाक मुरडले. पुढे कुबेराने सुवर्णवृष्टी केली. रघू म्हणाला, सर्व तुझेच आहे. कौत्स म्हणाला, मला चौदा कोटींपेक्षा एकही मुद्रा अधिक नको.

आपण पाने वाटतो ती सुवर्णवृष्टी आठवून. कौत्साचा नकार मात्र विसरतो. आपली गरज किती, हे त्याला नेमके ठाऊक होते आणि समोर सोन्याची रास असतानाही त्याने तो आकडा बदलला नाही. पहिली गाडी घेणाऱ्या गृहस्थाला याहून चांगला सल्लागार कोठे मिळणार?

नावाचा महिमा किती काळ?

नावांच्या प्रतिष्ठेचा इतिहासही पाहण्याजोगा आहे. १४ डिसेंबर १९८३ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिल्लीच्या एका गृहस्थाला मिळाली. आमच्या गल्लीतील जाणती माणसे तेव्हा तिला काडेपेटी म्हणत. खरी मोटार म्हणजे अॅम्बेसेडर. पाहता पाहता तीच काडेपेटी मध्यमवर्गाच्या प्रतिष्ठेची खूण झाली. २०१४ साली मारुती ८०० चे आणि अॅम्बेसेडरचे, दोघींचेही उत्पादन थांबले. कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेली पद्मिनी, म्हणजे आपली फियाट, ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या टॅक्सींतूनही निवृत्त झाली. ज्या नावांसाठी लोकांनी वर्षानुवर्षे नंबर लावून वाट पाहिली, ती नावे आज आठवणींत उरली आहेत.

याच्या उलट कथा नॅनोची. भर पावसात स्कूटरवरून जाणारे चौघांचे कुटुंब पाहून रतन टाटांना ही कल्पना सुचली. पुण्यातील अभियंत्यांनी ती घडविली आणि १० जानेवारी २००८ रोजी एक लाखाची गाडी म्हणून ती जगापुढे आली. पुढे कारखाना सिंगूरहून साणंदला हलवावा लागला, काही गाड्यांना आग लागल्याच्या घटनाही घडल्या. पण तिला सर्वांत मोठा घाव बसला तो 'सर्वांत स्वस्त' या बिरुदाचा. ती तशी ओळखली जाणे ही चूक ठरली, हे टाटांनी स्वतः नंतर मान्य केले. ज्या कुटुंबासाठी ती बनली, त्यालाच ती दारात उभी करताना संकोच वाटला. २०१८ साली तिचे उत्पादन जवळपास थांबले.

शिवाय नाव वेगळे म्हणजे गाडी वेगळी, असेही नसते. आपल्या चाकणच्याच कारखान्यातून २०२१ पासून स्कोडाची कुशाक आणि फोक्सवॅगनची टायगुन बाहेर पडू लागल्या. सांगाडा एक, इंजिने तीच, बिल्ला निराळा. मारुतीची बलेनो आणि टोयोटाची ग्लान्झा यांचेही तेच. मागे १.३ लिटरचे एकच डिझेल इंजिन फियाट, टाटा आणि मारुती या तिन्ही नावांच्या गाड्यांत धावत होते आणि त्या तिन्ही गाड्यांचे मालक आपापल्या नावाचा कैवार घेऊन भांडत होते!

काटकसर कोठे करू नये

येथे एक सावधगिरी अवश्य बाळगावी. बिल्ल्यावर पैसे वाचवावेत, जिवावर वाचवू नयेत. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातील पाच लहान गाड्यांच्या धडक-चाचण्यांचे निकाल प्रसिद्ध केले. हवेच्या पिशव्या, म्हणजे एअरबॅग नसलेल्या त्या पाचही गाड्यांना प्रौढांच्या सुरक्षिततेसाठी शून्य तारे मिळाले. त्यांत नॅनो आणि आल्टो होत्या, तशी नामांकित जर्मन कंपनीची पोलोही होती. त्याच पोलोला एअरबॅग बसविल्यावर चार तारे मिळाले. संरक्षण नावाने मिळत नाही. पत्रा, सांगाडा आणि आतील साधनांनी मिळते. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही आपली स्वतःची चाचणी सुरू झाली आहे. पाहत असलेल्या गाडीची चाचणी झाली आहे काय, मोठ्यांसाठी व मुलांसाठी किती तारे मिळाले, हे विक्रेत्याला निःसंकोच विचारावे. मागच्या बैठकीवरही पट्टा लावण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी.

पाटीवरचा हिशेब

पुतण्यासमोर मी लेकीची पाटी ओढली आणि आकडे मांडले. दहा लाखांचे कर्ज, नऊ टक्के व्याज, सात वर्षे: हप्ता सुमारे १६,१०० रुपये आणि एकूण व्याज साडेतीन लाखांवर. दुसरीकडे सात लाखांत घरी येणारी लहान गाडी, स्वतःच्या शिलकीतून दोन लाख रोख, पाच लाखांचे कर्ज पाच वर्षांसाठी: हप्ता सुमारे १०,४०० रुपये आणि व्याज सव्वा लाखाच्या आत. शिवाय इंधन आहेच. महिन्याला हजार किलोमीटर धावणारी, लिटरला वीस किलोमीटर देणारी गाडी पन्नास लिटर पेट्रोल पिते. बारा देणारी त्र्याऐंशी. विम्याच्या कोष्टकात तर चार वर्षे पूर्ण होताच गाडीची किंमत निम्म्यावर येते. सात वर्षांचे कर्ज घेणारा उरलेली तीन वर्षे अर्ध्या किमतीच्या वस्तूचे हप्ते भरीत राहतो.

लहान गाडीच्या बाजूने त्या वर्षी योगही जुळून आला. २२ सप्टेंबर २०२५ रोजी, नेमक्या घटस्थापनेच्या दिवशी, चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर उतरला आणि वरचा उपकरही गेला.

ज्यांना नवी परवडत नाही, त्यांनी जुनी घेण्यात कमीपणा मानू नये. मात्र ती सकाळी, इंजिन थंड असताना सुरू करून पाहावी. ओळखीच्या मेकॅनिकला सोबत न्यावे. देखभालीच्या नोंदी मागाव्यात. नोंदणी पुस्तिकेवर बँकेचा बोजा असल्यास तो उतरल्याचे पत्र पाहावे. नमुना २९ व ३० भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यावी आणि विमाही चौदा दिवसांच्या आत आपल्या नावे करण्यासाठी अर्ज द्यावा. शेजारी विश्वासू आहेत म्हणून कागद लांबणीवर टाकू नयेत.

वहिनींचे बसणे

शेवटी आकड्यांनी जे झाले नाही ते वहिनींनी केले. मी आग्रह धरला की गाडी पाहायला त्यांनाही न्यावे. रुबाबदार गाडीची पायरी उंच होती. वहिनींनी दाराला धरून पाय उचलला, अर्ध्यावर थांबल्या आणि हसून म्हणाल्या, "भाऊजी, ही गाडी तुम्हा मंडळींची. मी रिक्षाने येईन." शेजारच्या दालनात उंच छपराची एक लहान गाडी उभी होती. तिची बैठक बरोबर त्यांच्या कमरेच्या उंचीची. त्या पाठमोऱ्या टेकल्या, दोन्ही पाय आत घेतले आणि कोणाच्याही आधाराशिवाय बसल्या. गाडी ज्यांच्यासाठी हवी होती त्या बसल्या! पुतण्या काही क्षण नुसता पाहत राहिला. मग विक्रेत्याला म्हणाला, "हिचा रंग कोणता कोणता आहे?"

दसऱ्याच्या सकाळी लिंबू चिरडले गेले, नारळ फुटला. संध्याकाळी पुतण्या पाया पडायला आला आणि माझ्या हातावर आपट्याचे पान ठेवून म्हणाला, "काका, सोने घ्या. सोसायटीत एकाने विचारले, 'लहान घेतलीस?' मी म्हटले, हो, आईच्या मापाची घेतली."

सीमोल्लंघन म्हणजे दसऱ्याला गावाची वेस ओलांडणे. आपल्या मनाभोवती 'लोक काय म्हणतील' अशीही एक वेस असते आणि तीच ओलांडायला सर्वांत अवघड. पुतण्याने ती ओलांडली. बँकेतील ठेव जागच्या जागी राहिली. मार्गशीर्षात वहिनींच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि रुग्णालयातून त्या घरी आल्या, त्या याच गाडीतून. गाडी थेट सोसायटीच्या फाटकाशी थांबली होती, सर्वांच्या देखत.