सोसनची उन्हाळझोप

उर्दू-फारसी शायरीत सोसन नावाचं एक फूल वारंवार भेटतं. हे नाव कधी लिलीला दिलेलं असतं, कधी आयरिसला. त्याच्या लांबट पाकळ्यांना शायर जिभा म्हणतात. दहा जिभा असूनही सोसन मुकंच, असा तिथला संकेत आहे. या मुक्या घराण्यातल्याच एका फुलाविषयी आज बोलायचं आहे. त्याचं नाव डच आयरिस. फुलांच्या दुकानात गुच्छात दिसणारं, उंच हिरव्या दांड्यावरचं निळं-जांभळं फूल, खालच्या पाकळीवर पिवळा टिळा लावलेलं. 'हे आपल्या कुंडीत येईल का हो?' असं मला पुष्कळ जण विचारतात. येतं. पण खतापाण्याइतकीच त्याला आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे वेळेवरची झोप.

आयरिस ही ग्रीकांची इंद्रधनुष्याची देवता. निळा, जांभळा, पिवळा, पांढरा, तपकिरी असे अनेक रंग या फुलात आहेत, तेव्हा नाव सार्थच म्हणायचं. 'डच' या शब्दानं मात्र आपण फसतो. या फुलाचे पूर्वज स्पेन, पोर्तुगाल आणि मोरोक्कोच्या रानातले. हॉलंडमधल्या हार्लेम गावच्या व्हान ट्यूबरखेन या रोपवाटिकेनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांचे संकर केले आणि फुलाला हॉलंडचं नाव मिळालं. केशर आणि ग्लॅडिओलस हीही याच कुळातली भावंडं.

दुसरा घोटाळा जातीचा. व्हिन्सेंट व्हॅन गॉगनं 1889 मध्ये सेंट-रेमीच्या इस्पितळाच्या बागेत जी प्रसिद्ध आयरिस रंगवली, ती वेगळी. त्यांचं खोड आल्यासारखं जमिनीत आडवं पसरतं आणि त्याची पाठ उन्हात उघडी ठेवावी लागते. डच आयरिसचा कंद लहान कांद्यासारखा असतो आणि तो खोल पुरायचा असतो. एकीची रीत दुसरीला लावली की काम बिघडतं.

आता मुद्द्याचं. स्पेन-मोरोक्कोकडे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत जातो. म्हणून हे झाड शरद ऋतूत जागं होतं, हिवाळाभर पानं वाढवतं, वसंतात फुलतं आणि उन्हाळा जमिनीखाली झोपून काढतं. आपल्याकडे सगळं उलट. नेमका त्याच्या झोपेच्या काळात आपला मृग बरसतो. ओल्या जमिनीत झोपलेला कंद कुजतो. आपल्या निशिगंधाला पावसाळा मानवतो, याला नाही.

ही झोप म्हणजे निव्वळ आळस नव्हे. ट्यूलिपचं फूल उन्हाळ्यातच कंदाच्या पोटात तयार होतं. डच आयरिसचं तसं नाही. त्याला आधी ऊब लागते, मग गारवा लागतो, आणि त्यानंतरच आतला कोंब पानं करणं थांबवून फूल घडवू लागतो. कंदांवर तापमानाचा काय परिणाम होतो याचा अभ्यास हॉलंडमधल्या वाखेनिंगेनच्या प्राध्यापक ब्लाऊ यांनी केला. एका निळ्या डच आयरिसला त्यांचंच नाव आहे. कवीला असा सन्मान क्वचितच मिळतो! आणखी एक गंमत. आंब्याच्या आढीत फळं पिकवणारा जो इथिलीन वायू असतो, तो या कंदांना दिला तर फूल लवकर येतं. ट्यूलिपची कळी मात्र त्याच वायूनं जळून जाते.

आमचं नाशिक मोगलाईत गुलशनाबाद म्हणून ओळखलं जायचं, आणि इथली थंडीही चांगली कडक. तेव्हा इथल्या गच्चीवरची रीत सांगतो. कंद टणक आणि भरीव घ्यावा, परीघ निदान आठ सेंटीमीटर असावा. त्याहून लहान कंद बहुधा नुसती पानं देतो. साधारण नऊ-दहा अंशांच्या गारव्यात सहा आठवडे ठेवलेले कंद मिळाले तर उत्तम. नाहीतर सप्टेंबरच्या मध्यावर कागदी पिशवीत घालून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवावेत. पिशवीवर ठळक नाव लिहावं, कारण हा कंद विषारी आहे आणि कांदा समजून फोडणीत पडायला नको.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला माती, वाळू आणि चांगलं कुजलेलं शेणखत मिसळून कुंडी भरावी. तळाचं भोक मोकळं हवं. कंद टोक वर करून चार इंच खोल, तीन-चार इंचांच्या अंतरानं लावावेत. सकाळचं भरपूर ऊन द्यावं. माती ओलसर राहील इतकंच पाणी घालावं, पण कळी धरताना मात्र कुंडी कोरडी पडू देऊ नये. माझ्याकडे दहापैकी सहा कंद जानेवारीच्या अखेरीस फुलले. उरलेल्यांच्या कळ्या दुपारच्या उन्हानं पानांतच सुकल्या. आपल्या हवेत हा हिशेब धरूनच चालावं.

फूल ओसरल्यावर बहुतेकांचा हात कात्रीकडे जातो. फक्त फुलाचा दांडा कापा, पानांना हात लावू नका. तुम्ही लावलेला मूळ कंद आता उरलेलाच नसतो. फूल आणि पानं घडवण्यात तो संपून जातो. त्याच्या जागी लहान-मोठे नवे कंद धरत असतात, आणि त्यांचं दूध म्हणजे ही पानं. ती वाकतात, पिवळी पडतात, कुंडी केविलवाणी दिसते. तरी पाच-सहा आठवडे ती तशीच राहू द्या. घाईनं पानं छाटली की पुढच्या वर्षाचं फूल आजच छाटलं म्हणून समजा.

पानं पूर्ण वाळली की पाणी बंद करावं आणि मृगाच्या आधी कंद उकरून काढावेत. सावलीत सुकवून, जाळीच्या पिशवीत घालून, वारा खेळेल अशा कोरड्या जागी टांगावेत. मोठे कंद फुलासाठी वेगळे काढावेत, बारके वाढीसाठी दुसऱ्या कुंडीत लावावेत. दुसऱ्या वर्षी फुलं कमी येतील. पण ती आली, तर ती विकतची नसतील, तुमच्याच कुंडीत जन्मलेल्या कंदाची असतील. तेव्हा पावसाळ्यात त्या टांगलेल्या पिशवीकडे पाहून 'हे वाळलेलं कशाला ठेवलंय?' असं कुणी विचारलं, तर सांगा, झोपलंय, उठवू नका.