कानात येणारा आवाज भुताचा नव्हे

घरात कुणी नसताना ‘मला शिव्या देतंय, मर म्हणतंय’ असं कुणी सांगू लागलं की वस्तीत लगेच ‘बाहेरचं’ ठरतं आणि देवऋषी गाठला जातो. तो माणूस खोटं बोलत नसतो. ऐकण्याचं काम शेवटी मेंदूच करतो. बाहेर काही नसताना मेंदूचा तोच भाग जागा झाला, तर आवाज खरोखर ऐकू येतो. हा भास.

प्रत्येक भास आजार नसतो. नवरा वारल्यावर काही दिवस त्याची हाक ऐकू येते, तसं होतं. पण आवाज रोजचे झाले, झोप उडाली, काम सुटलं तर स्किझोफ्रेनिया असू शकतो. गोळ्यांनी आवाज बहुधा कमी होतात. बरं वाटलं म्हणून मनानेच बंद करू नका.

दारूचं वेगळं आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली की दोन-चार दिवसांत हात थरथरतात, अंगावर किडे दिसतात, माणूस बरळतो. यात जीव जातो. बावीस प्रतिज्ञांप्रमाणे दारू सोडायचीच, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली. बरळू लागला तर सकाळची वाट पाहू नका.

भूत काढायला साखळीने बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. नांदेडला विष्णुपुरीचं, लातूरला विलासराव देशमुख संस्थेचं सरकारी रुग्णालय आहे; तिथे मानसोपचार विभाग विचारा. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोला. आवाज ‘मर’ किंवा ‘मार’ म्हणत असेल, तर त्याला एकटं ठेवू नका.